जाड, तिरकी, टाचांची

४ मार्च

'आर'चा पाय सुटला! कधीपासून लाकडी पायासारखा ताठ उभा होता. आज कंटाळून पेन्सिल सैल धरली, एका दमात ओढला — आणि लाथ झाडून निघाला की गडी! जाड, तिरका, टोकाला सेरिफची छोटीशी टाच. एकटीच हसत बसले. समोरच्या टेबलावरून काटकोनने मान वर केली, पाहिलं, परत खाली घातली.

काटकोन म्हणजे आमच्या ऑफिसातला सरळ अक्षरंवाला. नाव मी ठेवलंय. त्याला आवडत नाही. दोन वर्षं तो बिस्किट कंपनीसाठी उभी इंग्रजी अक्षरं काढतोय — बारीक, मध्यम, जाड. त्यांच्या जोडीला एक बोल्ड इटालिक, म्हणजे जाड नि तिरकं वळण, काढायचं, फक्त मोठ्या मथळ्यांपुरतं, हे माझं काम. सर म्हणाले होते, तोंडी लावण्यापुरतंच आहे ते.

७ मार्च

'क्यू'ची शेपटी! बस्स. आणखी काही लिहवत नाही.

१२ मार्च

काटकोन म्हणे, तुझा 'एस' पडणार. पट्टी लावून दाखवलंन. मी म्हटलं, पडत नाहीये, वळण घेतोय. तर म्हणाला, वळण घेणाऱ्यालाही बूड लागतं. बरोबर होतं मेल्याचं! खालचं पोट भरलं. आता काय रुबाबात बसलाय 'एस'!

घरी वहिनीला दाखवलं. तिला वाटलं, सगळी अक्षरं नटूनथटून बसमागे पळतायत. दादा म्हणाला, सरळ काढता येत नव्हती का?

१९ मार्च

बिस्किटवाल्या बाई आल्या. सत्तरीच्या, एवढ्याशा, हातात काठी. सरांनी सगळे कागद पसरले. काटकोन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बाईंनी त्याची अक्षरं नीट पाहिली, मान डोलावली. मग माझ्या कागदावर बोट ठेवलं.

"हे द्या. बाकीचं राहू दे."

सर समजावायला लागले — ही नुसती जोडीला आहे, खरं काम त्या उभ्या अक्षरांचं. बाई म्हणाल्या, "जोडी कशाला? ही एकटी जाईल की."

मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं! मग काटकोन दिसला. आपले कागद गोळा करत होता, कडेला कड लावून. पण पानाशी खोटं कशाला बोलू — नाचावंसं तरीही वाटतच होतं.

२० मार्च

बोलत नाही.

२२ मार्च

अजून नाही. मी खोडरबर मागितलं. खोडरबर आलं. शब्द आला नाही.

२७ मार्च

फजिती! कंपनीची पहिली गाडी रंगवून आली. उजव्या अंगाला नाव झोकात — अक्षरं पुढे झुकलेली, गाडी उभी असून सुटल्यासारखी वाटते. डाव्या अंगाला गेले, तर तीच अक्षरं मागे रेललेली! कुणी कचकन ब्रेक मारलाय जणू. ड्रायव्हर पोट धरून हसला. सरांचा चेहरा उतरला. बाई उद्या बघायला येणार. नापसंत झालं तर सगळंच गेलं. माझं डोकं चालेना.

तेवढ्यात मागून आवाज आला — इतक्या दिवसांनी!

"डावीकडे फक्त क्यू काढ. तुझी शेपटी मागे उडते."

खरंच की! कंपनीच्या नावाचं पहिलं अक्षर तेच. गोल गरगरीत क्यू, बिस्किटासारखा, आणि शेपटी मागच्या चाकाकडे भुर्रर्र! पेंटरला मदत म्हणून आम्ही दोघं अंगणात मांडी ठोकून बसलो. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर तपकिरी रंग सांडला. मी सॉरी म्हणायला गेले — रंगाबद्दल नाही, सगळ्याबद्दलच. तो ब्रश न थांबवता म्हणाला, "तुझा राग नव्हता आला मला. बाईंचा आला होता. त्यांचं बरोबर होतं म्हणून."

शेपटी रंगवत राहिले.

२८ मार्च

बाई गाडीभोवती फिरल्या, काठी टेकत. म्हणाल्या, इकडून जाते आणि तिकडून पळते. पसंत!!

९ नोव्हेंबर

जिकडे तिकडे माझीच अक्षरं! पुड्यांवर, गाड्यांवर, दुकानांच्या छतांवर. आता सरांनी ती इतरांनाही विकायला काढलीत. केशकर्तनालयाच्या काचेवर दिसली, दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवरही! (दातांना इतकी घाई कशाची?) ऑफिस सुटलं की मी आणि काटकोन ती शोधत भटकतो. आज चपलांच्या दुकानावर कुणीतरी आडवी ताणून फुगवलेली दिसली. माझ्याआधी तोच आत घुसला. दुकानदाराला 'एस'चं पोट समजावून सांगत होता — माझ्या 'एस'चं! मी बाहेर उभी राहून हसून हसून बेजार.

वहिनी विचारते, हल्ली उशीर का होतो? म्हटलं, वापर तपासतेय. ती म्हणाली, बरं. पण काय ते 'बरं'!

१८ नोव्हेंबर

सकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. काटकोनने राजीनामा दिलाय. दुसरीकडे काम धरलंय. कसंबसं विचारलं, का? सर चष्मा पुसत म्हणाले, "नियम आहे ना आपला. एका ऑफिसात नवरा-बायको चालत नाहीत. तुला माहीतच असेल म्हणा."

मला कुणी काही विचारलेलंच नाहीये!

बाहेर आले. काटकोन पेन्सिली डब्यात भरत होता, कान लालबुंद. तो तोंड उघडणार, त्याआधीच मी म्हटलं, "हो."