भिंतीचे पाच मार्क

२ फेब्रुवारी

नेपोलियनला शेवटी कुठल्या बेटावर नेऊन ठेवलं, हे बाबांना बरोबर आलं. आणि त्याच मिनिटाला चादर ओली केली! चादर बदलली, गादी उलटी केली, त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर केलं. माझं कंबरडं मोडलं. ते मात्र सेंट हेलेनाच्या आनंदात.

झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डावा हात तेवढा शाबूत. वाचाबाई (स्पीच थेरपीला येते ती, मी तिला वाचाबाईच म्हणते) पहिल्याच दिवशी म्हणाली, "यांना आवडीचं काहीतरी विचारत राहा." आवडीचं म्हणजे दुसरं काय असणार! जन्मभर सामान्य ज्ञानाचा क्लास घेतला या माणसानं. देश, राजधान्या, राजे, लढाया, कुणी कशाचा शोध लावला. आमच्या घरात जेवताना मीठ मागितलं तरी आधी मिठाचं रासायनिक नाव सांगावं लागायचं.

तर मी प्रश्न विचारते, चार पर्याय देते, ते डाव्या हाताची बोटं दाखवतात. एक, दोन, तीन, चार. येत नसेल तर मूठ. क्लासचाच नियम – मोठ्या परीक्षांत चुकलं की मार्क कापतात, म्हणून येत नसेल तो प्रश्न सोडून द्यायचा. मूठ मी अजून एकदाही पाहिलेली नाही.

५ फेब्रुवारी

घरातलं सगळंच आता चार पर्यायांत चालतं. "बाबा, एक चहा, दोन दूध, तीन पाणी, चार यांपैकी नाही." एक बोट. नेहमीच एक. दुधाचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. "एक खिडकी उघडू, दोन पंखा लावू, तीन पांघरूण काढू..." दिवसा बाबांजवळ थांबणाऱ्या मावशीही शिकल्या. परवा मला ऑफिसात फोन करून म्हणाल्या, "ताई, संध्याकाळी येताना साबण आणा. पर्याय नाही!" स्वतःच खो खो हसल्या. मलाही हसू आलं, पण उशिरा.

रात्री डोळा लागतो न लागतो तोच घंटी. त्यांच्या पलंगाला बांधलीय. मीच बांधली, कुणाला दोष देऊ?

९ फेब्रुवारी

औषधवाला गोळ्या घरी घेऊन आला. बाबांचा जुना विद्यार्थी. आता टक्कल पडलंय, पण बाबांसमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो.

मला म्हणाला, "ताई, एकदा मला वीसपैकी चार मिळाले होते. सरांनी पेपर वर्गाला दाखवला. म्हणाले, अरे गाढवा, या भिंतीला पेपर दिला असता आणि तिनं डोळे मिटून खुणा केल्या असत्या, तरी तिला पाच मिळाले असते! चार पर्याय, वीस प्रश्न – हिशेब कर. तू भिंतीपेक्षाही मागे! त्या दिवसापासून वर्गात माझं नाव भिंत."

बाबा पलंगावर हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. बोट भिंतीकडे केलं, मग त्याच्याकडे. हा गेल्यावरही कितीतरी वेळ खुशीत होते. मी त्यांना इतकं हसवू शकत नाही. माझ्याजवळ हसवायला उरतंच काय!

१३ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. आमच्या नकाशांच्या कचेरीची समुद्रकाठी एक शाखा आहे, तिथली विभागप्रमुखाची जागा मला देतायत. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या नकाशांवरच्या नावांच्या चुका काढल्या, आता स्वतःचा नकाशा करायला मिळेल. नवीन जगाचा अॅटलास! शाळांसाठी!

महिनाअखेर कळवा म्हणाले.

घरी येईपर्यंत मी बसमध्ये त्या नकाशांचे रंगसुद्धा ठरवले. दार उघडलं, घंटी वाजत होती. रंग गेले.

१६ फेब्रुवारी

दादाचा फोन. त्याच्या घरी बाबांना नेता येत नाही, तिसरा मजला, लिफ्ट नाही, वहिनीची आई अंथरुणाला. खरंय ते, खोटं बोलत नाही तो. पण दर वेळी तेच ऐकून कान किटले. मग म्हणाला, "चिमे, त्या शुश्रूषागृहाचं मनावर घे. चोवीस तास माणसं आहेत. बाग आहे." बाग! बागेत काय लंगडी घालणारेत?

मी स्वयंपाकघरात होते. भांडी तशीच पडलेली, दूध उतू गेलेलं, आणि माझाही तोल गेला. ओरडलेच त्याच्यावर. "मीच बाबांना शब्द दिलाय ना, त्यांना कळतंय तोवर घरातून हलवणार नाही म्हणून? मग कळतंय ना त्यांना! सगळं कळतंय! कळेनासं झालं असतं तर मी तरी सुटले असते रे!" आणि नोकरीचंही बोलून गेले. समुद्र, अॅटलास, सगळं. भोकाड पसरून रडले. पन्नाशीला आलेली बाई मी!

दादा म्हणाला, "डोळे पूस. जेव काहीतरी." मी शेगडी पुसली.

१७ फेब्रुवारी

मंगोलियाची राजधानी चुकली आज. होतं असं कधीतरी. ताप नाही.

१८ फेब्रुवारी

ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारली. मुद्दाम सोपा म्हणून. एक पर्थ, दोन कॅनबेरा, तीन मेलबर्न, चार सिडनी.

चार बोटं!

बाबांनी सिडनी सांगितलं. क्लासात कुणी सिडनी म्हणालं की ज्यांचा खडू सुटायचा – नेम असा की थेट कपाळावर – ते माझे बाबा सिडनी म्हणतायत! मी म्हटलं, "बाबा, नीट ऐका हं." पुन्हा सगळं सांगितलं. पुन्हा चार. आणि नजर कुठंतरी छताला.

मग विचारतच सुटले. उलटा फिरणारा ग्रह – चूक. दक्षिण ध्रुवावर पहिला कोण पोचला – चूक. पातळ असणारा धातू पारा, हे शाळेतलं पोर सांगेल, बाबांनी शिसं म्हटलं. मूठही वळत नाहीत. मूठ वळायची तरी नियम आठवायला हवा.

२१ फेब्रुवारी

चहा विचारला की दोन बोटं. दूध! दिलं तर गटागट प्यायले. मावशी म्हणाल्या, "आवड बदलली असंल." त्यांच्या हनुवटीवरचा दुधाचा ओघळ पुसला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

डॉक्टरांनी तपासलं. नवीन झटका दिसत नाही म्हणाले, पण या वयात मेंदूचं काही सांगता येत नाही. आता डॉक्टरांनाच सांगता येत नाही तर मी कुणाकडे जाऊ?

२२ फेब्रुवारी

काहीच विचारलं नाही आज. हिंमत झाली नाही.

२६ फेब्रुवारी

वाचाबाईनं परीक्षा घेतली. रीतसर. वीस प्रश्न, सगळे बाबांच्याच जुन्या पुस्तकातले, बाबांनी स्वतः तयार केलेले. मी शेजारी बसले होते, हातात रुमाल पिळत. प्रत्येक बोट वर आलं की वाटायचं, आता येईल, हा तर येणारच. पेनिसिलिनचा आला नाही. फ्रान्सची राज्यक्रांती आली नाही. बर्लिनची भिंत पडली, तेव्हा टीव्हीसमोर उभं राहून मला ओरडून बोलावलं होतं, "ये लवकर, इतिहास चाललाय!" म्हणून. ते सालही आलं नाही.

शून्य. वीसपैकी शून्य.

वाचाबाई चांगली आहे. चष्मा काढून पुसत बसली. म्हणाली, "वाईट वाटतंय मला. यांना आता प्रश्नच कळत नाहीयेत असं दिसतं. घरी तुम्ही एकट्या किती करणार?" बाबा तिच्याकडे पाहत होते. मग माझ्याकडे पाहिलं आणि चटकन डोळे मिटून घेतले. थकले असतील.

२७ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "रविवारी गाडी घेऊन येतो. तू शब्द मोडत नाहीयेस, चिमे. तूच म्हणाली होतीस, कळतंय तोवर."

इथं खोटं कशाला लिहू. रडून झाल्यावर मला हलकं वाटलं. सुटल्यासारखं. सहा तास झोपेन, सलग! असा विचार आला मनात आणि आवडला. मग स्वतःची किळस आली. मग पुन्हा झोपेचाच विचार आला.

२८ फेब्रुवारी

साहेबांना होकार कळवला.

१ मार्च

दादा अकराला येणार. सकाळीच बाबांची बॅग भरून झाली. स्वेटर, कवळी, दाढीचं सामान. मावशी पदर डोळ्यांना लावून आल्या आणि तशाच स्वयंपाकघरात गेल्या. शेवटी बाबांच्या पलंगासमोरचा जगाचा नकाशा काढायला घेतला. क्लासातला आहे. म्हटलं, तिकडे लावून देऊ, कळो न कळो, डोळ्यांना सवयीचं काही हवं. स्टुलावर चढून एकेक खिळा उपसला. नकाशा खाली आला. मागे नुसती पांढरी भिंत.

भिंत.

भिंतीला पाच मिळतात!

स्टुलावरून उतरले ती तिथंच फरशीवर बसले. काहीच कळत नसेल, नुसती बोटं वर जात असतील, तरी पाच यायला हवेत. चार येतील, गेलाबाजार दोन तरी चुकूनमाकून येतील. शून्य? प्रत्येक वेळी बरोबर उत्तराला वळसा घालून? वीसच्या वीस चुकवायची तर वीसच्या वीस यावी लागतात. आणि ते दूध. ज्याचं नाव काढलं तरी नाक मुरडायचं, ते दूध इतके दिवस गटागट!

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं त्या दिवशी. पलंगापासून दहा पावलांवर ओरडत होते मी. "कळेनासं झालं असतं तर मी तरी सुटले असते."

उठले. त्यांच्याजवळ जाऊन बसले. क्लासातल्यासारखंच विचारलं, "बाबा, एक प्रश्न राहिला. वीसपैकी शून्य आणायचं असेल, तर किती उत्तरं यावी लागतात? एक – एकही नाही. दोन – पाच. तीन – दहा. चार – सगळी."

माझ्याकडे पाहिलं. मग मूठ वळली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"नाही बाबा. हा सोडता यायचा नाही."

हळूहळू बोटं उघडली. चार.

दोघंही रडलो. दादाला फोन केला. म्हटलं, बॅग तुझी भरून आण, बाबांची मी उपसतेय. मला होत नाही रे एकटीला, अजूनही होत नाही, मी दमलेय. आठवडाभर राहायला ये आणि पुढचं आपण तिघं मिळून ठरवू. समुद्राचंसुद्धा. तिघं, म्हणजे बाबाही. त्यांना विचारू, पर्याय देऊ.

मग विचारलं, "एक चहा, दोन दूध, तीन पाणी, चार यांपैकी नाही?"

एक बोट. ताबडतोब.