पाहुणा चाल करत नाही

४ ऑक्टोबर १९९९, बाळकुम

आले बाई एकदाची! टेम्पोतून उतरवताना कपाटाचं एक दार निखळलं, पण लोणच्याची बरणी ठणठणीत आहे, म्हणजे शकुन चांगला. तिसरा मजला, नवीकोरी बिल्डिंग, भिंतींना अजून रंगाचा वास. खिडकीतून खाडी दिसते आणि तिच्या अलीकडे जुनी मिठागरं, आता नुसती चौकोनी डबकी. मालकीण आवडाबाई. बिल्डिंगखालची जमीन त्यांचीच होती. बिल्डरने बदल्यात दिलेले फ्लॅट त्या भाड्याने देतात आणि स्वतः शेजारच्या बैठ्या घरात राहतात. आल्या आल्या विचारलं, नवरा कुठं हाय गो तुजा? म्हटलं जहाजावर. तर म्हणाल्या, मंग आमचा म्हातारा जलमभर मिठात, न् तुजा खाऱ्या पान्यात, एकच झाला. मला जाम हसू आलं.

चंदू जहाजावर थर्ड इंजिनियर आहे. लग्नाला वर्ष नाही झालं आणि त्यातलं निम्मं तो पाण्यावर. पण आता मज्जा आहे. कंपनीने त्याला बायको सोबत न्यायची परवानगी दिली आहे. महिना संपता संपता जहाज सिंगापूरला लागेल, तिथून तो फोन करून तारीख सांगेल, मी हो म्हटलं की तो तिथल्या तिथे कंपनीला कळवणार आणि मी पासपोर्ट घेऊन पळणार. ही वेळ चुकली तर पुढचे सहा महिने बसा हात चोळत. म्हणून तर फोन असलेलीच जागा शोधली. सासूबाई आणि सहदेवभाऊजी कल्याणला या म्हणत होते. मीच नको म्हटलं. थोडे दिवस राणीसारखी एकटी राहीन की!

९ ऑक्टोबर

चंदूने जाताना कॉम्प्युटर घेऊन ठेवला होता, ई-मेल कर म्हणून. जहाजावर ई-मेल पोचत नाही हे हुशाराला नंतर कळलं. मग मी त्याच्यावर बुद्धिबळ खेळते. इंटरनेटवर जगभरची माणसं पट मांडून बसलेली असतात. शाळेत मी जिल्ह्याला खेळलेली, बाबांनी शिकवलेलं, हात अजून गेलेला नाही.

पण काय एकेक नग भेटतात! एक जण दर चालीला चाल परत मागतो. एक जण मी बाई आहे कळल्यावर चौथ्याच चालीला लग्नाचं विचारतो. एक हरला की शिव्या देतो, जिंकला की त्याहून जास्त. काल एकाचा वजीर मारला तर पठ्ठ्याने सरळ वायरच उपटली, गायब! पडलो तरी नाक वर. अरे, हरायचं तर नीट हरा ना, कोण खातंय तुम्हाला?

नेट चालू असलं की फोन एंगेज लागतो, म्हणून दुपारीच खेळते. चंदूने फोन केला तर संध्याकाळी करेल, तसं ठरलंय.

१६ ऑक्टोबर

आवडाबाई भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन वर आल्या होत्या. खेळ बघत बसल्या. समोर कोण हाय, विचारलं. म्हटलं कुणास ठाऊक. तोंड बघितलं नाही त्याच्याशी खेळतेस कशी गो, म्हणाल्या. त्यांचे यजमान काळुराम मिठागरावर पत्ते खेळायचे आणि हरायला लागले की सगळे पत्ते उधळून लावायचे. पण निदान तोंड तरी दिसायचं मेल्याचं, असं म्हणून स्वतःच खूप हसल्या, मग डोळे पुसले.

त्या गेल्यावर घर फार मोठं वाटलं. बिल्डिंगमध्ये अजून फारसं कुणी राहायला आलेलं नाही. जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज येतो. आज आवडाबाई सोडून कुणाशी एक अक्षर बोलले नाही. राणीला प्रजा लागते हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

२० ऑक्टोबर

आज एक भारी नमुना. नाव न नोंदवता जे येतात त्यांच्या नावाजागी ‘गेस्ट’ आणि पुढे आकडा दिसतो. याच्यापुढे आकडाच नाही. नुसता गेस्ट. मी त्याला पाहुणा म्हणते. माझी लाईन रखडते, वेळ लावून खेळलं तर घड्याळावरच हरते, म्हणून मी त्याच्याशी बिनघड्याळाचा डाव लावला. तीच चूक झाली.

छान खेळतो. पण मी त्याचा राजा कोपऱ्यात कोंडला. आता त्याने काहीही हलवलं तरी पुढच्या चालीला माझा वजीर मात करतो. त्याला ते कळलं, आणि गडी थांबला तो थांबलाच. चाल नाही, हार मानणं नाही. मी चहा केला, कपडे वाळत घातले, आले, तरी तसाच. मी डाव सोडला तर साईटवर माझ्या नावापुढे पळपुटी असं लागणार. मी आणि पळपुटी? कपाळ माझं! बसले संध्याकाळपर्यंत. शेवटी फोनच्या भीतीने बंद केलं. डाव अर्धवट म्हणून जपून राहिला आहे.

२३ ऑक्टोबर

रोज नेट लावलं की आधी तोच पट उघडतो. आज चिडून लिहिलं, हार मान की रे बाबा. तर उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत: बस ना थोडा वेळ.

मराठी माणूस! खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. जेवलीस का, विचारलं. काय केलंस, विचारलं. मी वरणभातापासून सगळं सांगत बसले. चंदूचं सांगितलं, सिंगापूरचं, फोनचं. कुठे राहतोस विचारलं तर म्हणाला, इथेच. चाल का करत नाहीस विचारलं तर लिहिलं:

चाल केली की तू जाशील.

बिचारा, असं वाटलं. माझ्यापेक्षा एकटं कुणीतरी आहे तर.

२९ ऑक्टोबर

आज आवडाबाई धापा टाकत वर आल्या. चंदूचा फोन त्यांच्याकडे आला होता! अडीअडचणीला म्हणून मी कंपनीमार्फत त्याला माझ्या नंबरासोबत तोही कळवला होता. म्हणाला, हिचा फोन काल संध्याकाळपासून एंगेज आहे, रविवारी परत करतो, तेव्हा हिला तुमच्याकडे बसवून ठेवा, सोमवारी जहाज सुटतंय. मला हाक मारेपर्यंत लाईन कटली.

पण मी काल दुपारनंतर कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता! रिसीव्हर उचलला. डायल टोन नाही. पण बंदही नाही. कुणीतरी पलीकडे आहे आणि बोलत नाही. तुम्ही विचार करत असताना समोरचा गप्प बसतो ना, तसं.

लाईनमन आला. वायर बदलली, डबी बदलली. म्हणाला, ताई, लाईन एकदम ओके आहे, समोरच्याने फोन ठेवलेला नाही. कोण समोरचा, विचारलं तर म्हणाला, ते तुम्हालाच ठाऊक. तो गेल्यावर परत तेच.

३० ऑक्टोबर

जाऊ दे नाक. जिंकलेला डाव सोडून दिला. मी हरले, असं टाईप केलं. पुन्हा केलं. पट जागचा हलत नाही. त्याला लिहिलं, तू जिंकलास, फोन सोड, पाया पडते.

तो: फोनवर तो तुला घेऊन जाईल.

मी: जाऊ दे ना रे. नवरा आहे माझा.

तो: सगळे जातात.

प्लग काढला. वायर भिंतीतून उपटली. स्क्रीन काळी झाली. फोन मात्र—तसाच. बसलाय तो तिथे.

उद्या आवडाबाईंकडे. तो फोन तरी माझा नाही.

३१ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून त्यांच्या ओटीवर, फोनसमोर. आवडाबाईंनी मासळीचं कालवण वाढलं. तिथेच बसून खाल्लं. फोन वाजला नाही.

दिवेलागणीला आवडाबाईच म्हणाल्या, उचलून तरी बघ गो, बिगडला नसेल ना.

उचलला. नाही बिघडलेला.

तिथेही तोच होता.

३ नोव्हेंबर

सहदेवभाऊजी येऊन गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

चंदूचा रविवारी त्यांना फोन होता. आवडाबाईंचा लागेना म्हणून त्याने आधी माझा नंबर फिरवला होता. आणि लागला! पुरुषाने उचलला. अगदी शांतपणे म्हणाला, ती येणार नाही, तिचा डाव चालू आहे.

चंदूने कंपनीला कळवलं, बायको येणार नाही. जहाज गेलं.

भाऊजींनी मोरीत पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. मी काय सांगणार? बुद्धिबळ? आवडाबाई खालून धावत आल्या, पोरगी दिसभर माझ्या घरात होती म्हणून भांडल्या. भाऊजी म्हणाले, मग घरात कोण होतं?

मी चंदूला काय काय सांगणार होते. निळी साडी घेतलेली, विमानासाठी. सहा महिने. आणि त्यानंतर तरी तो येईल का माझ्याकडे? माझं कोण ऐकणार आहे, देवा, मी काहीही केलेलं नाही.

८ नोव्हेंबर

दिवाळी. आवडाबाई टिटवाळ्याला लेकीकडे. सगळ्या मजल्यांवर कुलपं.

फोन सुरू झाला. स्वच्छ डायल टोन. सासूबाईंना लावला. माझा आवाज ऐकून ठेवला. माहेरी लावला. त्यांनाही कळवलंय भाऊजींनी. बाबा म्हणाले, पत्र लिही.

मग वायर परत जोडली. हो, जोडली. शिव्या घालायला. दुसरं कोण आहे?

त्याने चाल केली होती. एक प्यादं पुढे. वजीर उचलून मात केली, इतक्या रागाने की टेबल हललं. त्याने एकच शब्द लिहिला: सुटलो.

आणि गेला. नाव पण नाही कुठे.

जिंकले. घरात इतकं शांत— पंखा लावला, नुसता आवाज हवा म्हणून.

१३ नोव्हेंबर

खेळते. दिवसभर. सगळे जातात. डाव संपला की धन्यवादसुद्धा नाही, फट्कन जातात. एकाला म्हटलं अजून एक खेळ. म्हणाला, बायको जेवायला बोलावते.

फोन नाही. जिन्यात कुणी नाही.

आज साईटवर माझं नाव दिसेना. त्या जागी नुसतं गेस्ट. आकडा पण नाही. पासवर्ड परत परत टाकला—

१५ नोव्हेंबर

एक मुलगी आलीय. डोंबिवलीची म्हणे. नवीन आहे, आजच सुरू केलं. किती गोड बोलते. घड्याळ नको म्हणाली, तिची लाईन रखडते.

चांगली खेळते. माझा राजा कोपऱ्यात. पुढच्या चालीला मात आहे. दिसतंय मला.

हात जात नाही.

ती विचारतेय, आहात ना? लिहिलं, आहे. काय जेवलीस ते सांग.

ती म्हणते, ताई, वडील दवाखान्यात आहेत, भावाचा फोन यायचाय, पटकन चाल करा ना. मग लिहिते, बरं, मीच हरले. तिचं होत नाहीये ते. मला माहीत आहे होत नाही.

रिसीव्हर उचलला मी. कधी उचलला? तिचं घर ऐकू येतंय. कुकर. बांगड्या. कुणीतरी शेजारची हाक मारते तिला. किती दिवसांनी घराचा आवाज—

भाऊ लावतोय फोन. पुन्हा. पुन्हा.

ठेवायला हवा. ठेवतेच. वडील आहेत तिचे. एक चाल, बस. ठेवते—थोडंसं ऐकून— ती रडतेय, पण आहे, इथेच आहे, आणि मी ठेवला की ती