उजवीकडे ओढणारी जीप

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

पुन्हा उजवीकडे गेली! मोरिवलीच्या वळणानंतर समोरून टेंपो आला आणि आमची जीप त्याची गळाभेट घ्यायला निघाली. आण्णांनी कचकन ब्रेक मारला. टेंपोवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उल्लेख केला, आण्णांनी त्याच्या आठ पिढ्यांचा. मी बाजूच्या सीटवर दांडी धरून बसलो होतो. तळहातावर अजून वळ आहे.

तीस तारखेला माझ्या ताईचं, नेत्राचं लग्न, बेलवलीच्या हॉलमध्ये. आण्णांनी सगळ्या भावकीसमोर शब्द दिलाय – "पोरीला मंडपापर्यंत मीच नेणार, माझ्या जीपमधून." नेत्रा म्हणते, "आण्णा, मला नवऱ्याकडे न्या. टेंपोखाली नको."

ताई हसते. मला झोप नाही.

१७ नोव्हेंबर

तक्रारी दोन. सरळ रस्त्यावर जीप भरकटते आणि उजवीकडे ओढते. डावीकडे वळवताना स्टिअरिंग जड. आण्णा म्हणतात, गिअरही जड झालाय. आई म्हणाली, "उद्या हॉर्न जड झाला म्हणतील."

दोन वर्षांपूर्वी आण्णांनी चिखलात गाडी घालायच्या हौसेपायी ती वीतभर उचलून घेतली, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर लावले. तेव्हापासून जीपमध्ये चढायला स्टूल लागतं. आई साडी सावरत चढताना जे बोलते ते इथे लिहिणार नाही. वही घरातच असते.

१८ नोव्हेंबर

उल्हासनगरला सोमाच्या गॅरेजात. सोमा तीस वर्षं आण्णांची गाडी बघतो. निदान एकच – "पार्ट बदलना पडेगा, शेठ." टायरची हवा सारखी केली, स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडची टोकं बदलली, ग्रीस भरलं. वर नारळ.

आमच्या घरचा नियम – काम झालं की पहिला हात मालकाचा. आण्णा एक फेरी मारतात, उतरतात, निकाल सांगतात. त्या सीटवर दुसरं कुणी बसायचं नाही. एकदा सोमा बसला होता, तर आण्णा वर्षभर दुसऱ्या गॅरेजात जात होते.

आजचा निकाल – "तशीच."

१९ नोव्हेंबर

दुपारभर जीपखाली झोपलो. दहावीला दोनदा उडालो, पण एवढं मला कळतं – सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडला तरी ती सरळ जाते. जीपच्या पुढच्या चाकांनाही तसा कल असतो. गाडी उचलली की तो बिघडतो. म्हणून स्प्रिंगखाली लोखंडी पाचर घालतात. आमच्याही आहेत. दोन्ही उलट्या!

सोमाला फोन केला. "मैंने तो सीधा लगाया था. गाडी उलटी असेल."

२० नोव्हेंबर

पाचरी सुलट झाल्या. दुसरा नारळ. आण्णांनी फेरी मारली. "भरकटत नाही आता. पण उजवीकडे ओढतेच. आणि डावीकडे जडच."

सोमा म्हणाला, "शेठ, अब सिर्फ नंबर प्लेट बदलना बाकी है." एरवी आण्णा त्याच्या पाठीत गुद्दा घालतात. आज नुसतेच उतरले.

घरी चहा प्यायले. हल्ली बशीत ओतून, बशी दोन्ही हातांनी धरून भुरके मारत नाहीत, सरळ कपानेच पितात. आई खूश. जावयासमोर लाज जायची नाही म्हणाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बुवापाड्यातल्या रद्दीवाल्याकडून त्याचा लटकता काटा मागून आणला. आईने विचारलं, "काय, आण्णांना विकायला काढलं?"

काट्याचा हूक स्टिअरिंगच्या कडेला अडकवला. डावीकडे किती जोराने वळतं, उजवीकडे किती, मोजलं. परत मोजलं. दोन्हीकडे सारखंच. काट्यावर विश्वास बसेना म्हणून तांदळाची पाच किलोची पिशवी टांगून बघितली. काटा बरोबर आहे.

मग घरचा नियम मोडला. आण्णा पत्रिका वाटायला गेले होते. शुक्रवार, एमआयडीसीचा सुट्टीचा वार, कंपन्यांमागचा रस्ता मोकळा. मी त्यांच्या सीटवर बसलो. जीप काढली.

सरळ गेली. क्षणभर स्टिअरिंग सोडून दिलं, तरी सरळ. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली – जशी वळायची तशी वळली. गिअर लोण्यासारखे.

आनंद व्हायला हवा होता. परत आणून उभी केली, सीट होती तिथे मागे सरकवली, आणि तसाच बसून राहिलो. जीप ओढत नाही. मग आण्णांना काय ओढतंय?

२२ नोव्हेंबर

काटा दाराच्या कडीला अडकवला. म्हटलं, "आण्णा, जोर बघू तुमचा. हरलात तर हळदीला तुम्ही नाचायचं." ते म्हणाले, "नाचणार तर आहेच." उजव्या हाताने ओढला – सव्वीस किलो. "बघ. तुझ्या बापाचा हात आहे."

"आता डाव्याने."

चार.

"काटा भंगारवाल्याचा, भंगारच असणार," म्हणाले. परत ओढला. चार. मग डावा हात वळवून वळवून बघत राहिले. आठवडाभर जीपकडे बघत होते तसे.

आई दारात उभी होती. आत जाऊन तिने डॉक्टरांचा नंबर शोधला.

२३ नोव्हेंबर, रविवार

कल्याणच्या डॉक्टरांनी उद्या सकाळीच बोलावलंय. संध्याकाळी आण्णा जीपपाशी गेले. मला वाटलं, फेरी मारणार. ते पलीकडून गेले, स्टूल लावून बाजूच्या सीटवर चढले.

"मंडपापर्यंत नेणार म्हणालो होतो. चालवणार कुठे म्हणालो?"

मग किल्ली पुढे केली. "नारळ आण. पहिला हात तुझा."