न थांबणारा हात

पाइन पॉइंट, मिनेसोटा
३ मार्च १९७४

चि. सेवरिन यास,

बोर्गिल्डताईचे अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. नाताळनंतर तुझी एक ओळ नाही. डुलूथच्या गोदीत बोटी बर्फात अडकून पडल्यात, म्हणजे तुला काम नाही. मग काय हात खिशात घालून बसला आहेस?

बाबा गोठलेल्या तळ्यावरून घरी यायला तयार नाहीत. सगळ्यांनी बर्फावरच्या आपापल्या मासेमारीच्या खोपट्या ओढून काठाला आणल्या. दरवर्षी शेवटी निघणारा एमिलसुद्धा परवा निघाला. आता एवढ्या मोठ्या बर्फावर बाबांची एकटी खोपटी धूर सोडत उभी आहे. काठाचा बर्फ सुटलाय, मी फळी टाकून जाते-येते. एमिल म्हणतो, यंदा थंडी लवकर मोडली, बर्फाचा काही भरवसा नाही. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, एमिलला बर्फाचा नाही, बायकोचा धाक आहे.

आणि ऐक, बाबांच्या गळाला यंदा एकही वॉलआय मासा लागलेला नाही. आपल्या बाबांना! ज्यांच्या बर्फातल्या भोकाशेजारी आपलं भोक पाडायला लोक भांडायचे, त्यांना! जानेवारीपासून रिकामी बादली. एक तरी मासा लागल्याशिवाय उठणार नाही, असं त्यांनी जाहीर केलंय. त्यांचा हट्ट तुला मी काय सांगू? वारा सुटला की मी खिडकीशी जाऊन त्यांचा धूर दिसतो का ते बघते. मला एकटीला हे झेपत नाही रे.

बटाट्याचे लेफ्से केले होते, आईसारखे पोळीएवढे पातळ. तुझ्या वाटणीचे मीच खाल्ले.

लोभ आहेच, तो चार ओळी लिहून दाखव.

तुझी,
बोर्गिल्डताई


डुलूथ
७ मार्च

ती. बोर्गिल्डताईस,

सा. न. वि. वि. धपाटा पोचला, अजून चुरचुरतोय.

बाबांना मासा लागत नाही, हे वाचून मी पत्र पुन्हा वाचलं. गळ टाकणं मला त्यांनीच शिकवलं. शिशाचा गळ तळाला टेकवायचा, जरा गाळ उडू द्यायचा, मग वीतभर उचलायचा, सोडायचा आणि थांबायचं. वॉलआय हलता गळ बघून येतो, पण तोंड घालतो तो थांबलेल्या गळाला. माझा हात थांबायचा नाही, तेव्हा ते एमिलला ओरडून सांगायचे की पोरगं मासे धरत नाही, ताक घुसळतंय. अशा माणसाला कोण काय शिकवणार?

मी येऊन खोपटी ओढून आणली, तर ते मरेपर्यंत माझ्याशी बोलणार नाहीत. मी गोदीत कामाला आल्यापासून तसंही कुठे बोलतात म्हणा. तू एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी बस. तोंड बंद ठेवून, जमलं तर. आणि नीट बघ.

फळीवरून जपून जा. माझ्यावरचा राग आणि माया दोन्ही चालू दे.

तुझा,
सेवरिन


पाइन पॉइंट
१२ मार्च

चि. सेवरिन यास, आशीर्वाद.

बसले. तोंड बंद ठेवून बसले, आणि बघितलं ते बघायला नको होतं.

ऊन उतरलं, मासे फिरायची वेळ झाली. बाबांनी गळ तळाला टेकवला, उचलला, सोडला, सगळं नेहमीसारखं झोकात. मग थांबायची वेळ आली आणि त्यांचा हात थांबेना. भोकातल्या पाण्यावर बारीक वलयं उठत राहिली. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, तरी दोरा थरथरतच होता. मी बघतेय हे कळल्यावर म्हणाले की वारा आहे. बंद खोपटीत कसला आलाय वारा!

आता मला उमगतंय. कित्येक दिवस ते अर्धाच कप कॉफी मागतात. मी आपली म्हणायची, म्हातारा काटकसरी झाला. अगं बाई, भरलेला कप सांडतो म्हणून! एवढे दिवस एका घरात राहून मला दिसलं नाही. डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हणाले की वाकड्यात मासे शिरलेत, मी नाही. एक मासा लागला की हात अजून आपला आहे असं त्यांना म्हणता येईल, एवढ्यासाठी ते तिथे बसलेत. आणि त्या हाताला मासा लागणार नाही. येताना फळीवर उभी राहून रडले.

खालचा बर्फ काळा पडलाय, म्हणजे आतून पोकळ होत चाललाय. लवकर काहीतरी सुचव. अडलं की धाकट्यालाच विचारायचं, हे आईचं म्हणणं मला कधी पटलं नव्हतं.

तुझी,
ताई


डुलूथ
१५ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मलाही रडू आलं. बाबांसारखंच मीही वाऱ्यावर ढकललं.

एक सुचतंय, हसू नकोस. मासा तू धर. तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकापलीकडे, लव्हाळ्याआड, त्यांना दिसणार नाही अशा जागी दुसरं भोक पाडून. बादलीत जिवंत ठेव आणि ते लाकडं आणायला बाहेर गेले की त्यांच्याच गळाला लावून खाली सोड. लबाडी आहे, पण माणूस घरी येईल. पुढचं पुढे बघू. बर्फ नुसता भुसभुशीत वाटला तरी माघारी फिर, एवढं माझं ऐक.

आशीर्वाद असू दे, मला आणि या युक्तीलाही.

तुझा,
सेवरिन


पाइन पॉइंट
२१ मार्च

चि. सेवरिन यास,

शंभर आशीर्वाद! बाबा घरी आहेत! शेगडीपाशी बसून मला कांदा कसा चिरायचा ते शिकवताहेत!

दोन संध्याकाळी नुसती गारठले. काल एक लागला, चांगला हातभर. वर कापड टाकून बादली नेली, सांगितलं की कपडे भिजवायला पाणी आहे. बर्फावर कपडे कोण भिजवतं, ते विचारू नकोस, घाईत तेच सुचलं! ते लाकडांना गेले, मी मासा लावून सोडला आणि देवाचं नाव घेत बसले. परत आले, दोरा हातात घेतला आणि ओरडलेच! मासा वर काढून असे नाचले, की छप्पर उडतंय असं वाटलं. मग आपणहून म्हणाले, झालं, चला. एमिलने दोन माणसं आणून खोपटी ओढली.

त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही. माझी हुशारी तुला आजवर दिसली नव्हती, आता तरी माया वाढव.

तुझी,
ताई


पाइन पॉइंट
२३ मार्च

चि. सेवरिन यास,

बाबांचे आशीर्वाद. अक्षर असंच येणार. ताई चर्चमध्ये गेली आहे, तेवढ्यात लिहितो.

वॉलआयने गळ स्वतः घेतला तर तो वरच्या टाळूत रुततो. हा हनुवटीखाली बाहेरून टोचलेला होता. एवढं मला कळतं. ही युक्ती तिची नाही, ती सरळ आहे. तुझी असणार.

पण तुझ्या माशाने मी उठलो नाही. त्याच दिवशी ऊन उतरताना खोपटीच्या खिडकीतून ती येताना दिसली. एका हातात बादली, दुसऱ्या हाताने पहारीने बर्फ ठोकून बघत. मधेच तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तिने बादली आधी वर धरली, मग पाय ओढून काढला. खोपटीकडे बघितलं, मला दिसलं का म्हणून. मी खिडकीपासून मागे सरलो. आत आली ती हसत, बूट पाण्याने भरलेला. मी माझ्या हातासाठी तिथे बसलो होतो आणि पोर माझ्यासाठी बुडायला निघाली होती. मासा नसता तरी मी त्या संध्याकाळी उठणार होतो. लाकडांच्या निमित्ताने बाहेर जाऊन मी तेच ठरवत होतो. आत आलो तर दोऱ्याला ओढ. तिचं तोंड बघितलं आणि नाचलो. आयुष्यात नाचलो नव्हतो.

डुलूथच्या डॉक्टरला हात दाखवीन. पण तू बरोबर चल. हात थांबत नाही, हे त्याला मोठ्याने सांगणं मला एकट्याला जमणार नाही. मला घ्यायला ये, एवढं तुला लिहायलाही दोन कागद फाडले.

हे पत्र वाचून जाळ. ती अजून खुशीत आहे.

बाबा