साखरेचा आबा

कामरगाव,
१९ मे २०२५

चि. रत्नमाला,
माणिककाकाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं नर्सिंगचं ट्रेनिंग नीट चाललं असेल. पुण्यात सांजेला गार वारा सुटतो म्हणे. इथं दिवस मावळला तरी पत्रा हात लावू देत नाही. बाकी आम्ही सगळे बरे. लग्नसराईमुळे अश्वजितच्या मोबाईलच्या दुकानात गर्दी आहे, पण तुमच्या लेकीची, दीपाची वेणी तो रोज स्वतः घालतो. ती अजून एका अंगाला जाते. चांदणी बकरी व्यायला झाली आहे. दीपा तिच्या पोटाला कान लावून बसते आणि "आतमधी कोनीतरी पाढे म्हणून राह्यलं" असं सगळ्यांना सांगते.

तू परवा फोनवर विचारलंस, "काका, फोटोत केकवर दीपा अन् बकरीच काहून दिसते? आबा कुठं गेले? आन बाबा काहून बोलत नाहीत?" मी म्हणालो, आवाज येत नाही. आवाज चांगला येत होता. तू बाबा म्हणतेस ते तुझे सासरे, म्हणजे आमचा गोविंददादा, माझ्या शेजारीच बसला होता. म्हणून हे पत्र.

तुला ठाऊक आहे, दीपा जन्मली तेव्हा दादा-वहिनी नागपुरात होते. तिचा पहिला दात माझ्या बोटाला लागला. मला ना बायको, ना लेकरू. तिनं मला आबा म्हटलं तेव्हा तुम्ही कोणी दुरुस्त केलं नाही. मग वहिनी गेल्या आणि दिवाळीत दादा बिऱ्हाड आवरून इथं आला. अश्वजितनं लेकीला समजावलं, "हे तुहे खरे आबा. ते काका-आबा." त्याचं काही चुकलं नाही. पण आठवडाभर ती मला 'काका-आबा' म्हणताना अशी अडखळायची, जशी नवी कविता म्हणताना लेकरं अडखळतात. पुढं ती विसरून गेली. आता अंगणातून 'आबा' अशी हाक आली की आम्ही दोघं म्हातारे एकदम 'ओ' देतो आणि एकमेकांकडे न पाहता आपापल्या कामाला लागतो.

मी शाळेत घंटा वाजवणारा माणूस. वर्गात कधी बसलो नाही, पण खिडकीबाहेरच्या स्टुलावर बसून सगळ्या इयत्तांच्या कविता माझ्या झाल्या. अजूनही दुपारी डोळा लागला की चौथीचा वर्ग एका सुरात म्हणताना ऐकू येतो आणि वाटतं, उठावं, घंटा द्यायची राहिली. त्या कविता मी दीपाला दिल्या. दुसरं माझ्याजवळ होतं काय? आणि दादानं येऊन काय केलं, तर ब्लेडच्या पातीनं तिच्या पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून दिलं. जन्मभर नकाशे काढलेला हात त्याचा. लेकरू त्या टोकावर भुललं. मी कविता म्हणायला लागलो की म्हणे, "थांबा ना आबा, मी चित्र काढून राह्यली."

तर वाढदिवस. दीपानं सांगितलं, केकवर मी पाहिजे, चांदणी पाहिजे आणि आबा पाहिजे. अश्वजित म्हणाला, कारंज्याला करून मिळते. दादा म्हणाला, "कायले? घरीच करू. फॉन्डंट म्हणतात त्याले." शेजारची धनीबाई दळण घेऊन चालली होती, ती दारातच थांबली. "फोदंड? हे कोन्तं दुखनं आलं आता?"

दुखणं नाही, साखरेची कणीक असते ती. दादानं मोबाईलवर पाहून जिलेटिन भिजवलं, गरम केलं, त्यात ग्लुकोज आणि ग्लिसरीन घातलं आणि पिठीसाखरेत ओतून मळत बसला. मळता मळता तो गोळा असा लुसलुशीत झाला की हात लावायचा मोह व्हावा. मला झाला. दादा म्हणाला, "माणिक, हात कोरडे हायेत काय तुहे?" एवढंच. पण माझे हात मी मागं घेतले ते घेतलेच.

त्यानं दीपा केली. डोक्यावर ती वाकडी वेणीसुद्धा. मग चांदणी केली. धनीबाईनं पाहिली आणि म्हणाली, "बाई, आता हिले चारा टाकू काय?" सगळे हसले. मीही हसलो. पण पोळ्याला मातीचे बैल मी करायचो ना गं? गल्लीतली पोरं माझ्या दारी रांग लावायची, तेव्हा हा नागपुरात होता.

शेवटी आबा राहिला. मी सहज विचारावं तसं विचारलं, "दादा, आबा कोन्ता करतो?"

त्यानं मान वर केली नाही. "कोन्ता म्हंजे? आबा एकच असते."

रत्नमाला, त्यानं ते कोणत्या अर्थानं म्हटलं मला माहीत नाही. मी एकाच अर्थानं ऐकलं. आणि आबा तयार झाला तेव्हा त्याच्या अंगात पँट-शर्ट होता आणि मनगटावर घड्याळ. मी आयुष्यात घड्याळ घातलं नाही, घंटा वाजवली. दादानं तिन्ही बाहुल्या ताटात कॉर्नफ्लोअर भुरभुरून त्यावर ठेवल्या आणि वर टोपली झाकली. दीपाला केक येईपर्यंत काही दाखवायचं नाही, असं ठरलं.

मी उरलेला गोळा उचलून मागच्या न्हाणीपाशी गेलो. म्हटलं, आपणही एक आबा करू. पायजमा-टोपीवाला. चांगला होत आला होता. नाकाशी चीर पडली, तर मी बोट पाण्यात बुडवून फिरवलं, बैलाच्या वशिंडावर फिरवायचो तसं. माती पाणी लावलं की ऐकते. साखर ऐकत नाही. नाक ओघळलं, मग हनुवटी, मग टोपी पार गळ्यात आली. तेवढ्यात दीपा कुठून तरी आली आणि म्हणाली, "अय्या आबा, तुमी आंघोळ करनारी कोंबडी केली काय?" मी म्हणालो, हो.

हे तुला यासाठी सांगतो की पाण्यानं साखरेचं काय होतं, ते मला वाढदिवसाच्या सकाळीच कळलेलं होतं. ध्यानात ठेव.

त्या दुपारी दादानं ताटावरची टोपली काढली, थंड हवेत बाहुल्या लवकर कडक होतील म्हणून ताट कूलरपुढच्या टेबलावर ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन झोपला. जन्म कूलरपुढं गेला त्याचा, पण कूलर थंडीबरोबर ओल फेकतो हे डोक्यात आलं नाही. अश्वजित केक आणायला कारंज्याला गेलेला, दीपा धनीबाईकडे. मी बाहेरून आलो तर चांदणीचा कान चकाकत होता. चकाकायला लागलं म्हणजे सुटायला लागलं. मी धावलो. एका हातात दीपा घेतली, एका हातात चांदणी, आणि स्वयंपाकघरात फळीवर ठेवल्या. मला दोनच हात. परत येईपर्यंत आबाचे खांदे खचले होते. सगळ्यांना मी हेच सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. अश्वजित तर म्हणाला, "काका होते म्हनून दोन तरी वाचले."

ताट एकच होतं, रत्नमाला.

ताट उचललं असतं तर तिघंही वाचले असते. एक-एक उचलून घ्यायला उलट वेळच लागला. आणि मी परत आलो तेव्हाही तो पुरता गेला नव्हता. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. घड्याळ आधी गेलं. मग तोंड. मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं, हे खरं लिहितो.

दादा उठून आला. त्यानं आधी आबाकडे पाहिलं, मग ताटाकडे. कॉर्नफ्लोअरमध्ये दोन जागा कशा कोऱ्या, नीट, बाहुल्या अलगद उचलल्यासारख्या. नकाशे काढणारा माणूस तो. मग त्यानं माझ्या पांढऱ्या बोटांकडे पाहिलं. "कूलर मीच लावला होता," एवढंच बोलला आणि तोंड धुवायला गेला.

संध्याकाळी बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. मी दर वर्षी करतो तशा दोन ओळी केल्या होत्या:

सात पाकळ्या उमलत आल्या अंगणातल्या जाईच्या
दारामधुनी हळूच येती हाका दूरच्या आईच्या

त्या वाचायचा धीर झाला नाही, म्हणून इथं लिहिल्या. दीपानं केक पाहिला आणि लगेच विचारलं, "आन आबा?" तिनं शोधून काढलंच ते ताट. साखरेच्या त्या गोळ्याला ना नाक, ना डोळे. "हे कोन होते?" तिनं विचारलं.

मी ताट हातानं मागं सारलं. आणि दादा म्हणाला, "हे माणिक आबा होते, बेटा. मीच कूलरपुढं ठेवले, वितळले."

ती रडली गं. माझ्या गळ्यात पडून रडली. "माह्ये आबा वितळले, माह्ये आबा वितळले." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि दादा पलीकडे सुरी पुसत उभा होता, जणू कोणा परक्याच्या घरी आला आहे. जे मला हवं होतं ते सगळं मला मिळालं, त्याच्या हातून मिळालं. त्याच्या हाताचा मला हेवा होता. आता या मनाचाही आहे. माझ्याकडून असं बोलणं झालं नसतं.

तेव्हापासून तो गप्प आहे, रागानं नाही. काल ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "माणिक, या घरात मी कुठं बसावं तेच मले समजून नाही राह्यलं." मी सरकून जागा तेवढी दिली.

हे पत्र उद्या सकाळी पेटीत टाकतो. ते तुझ्या हाती पडायच्या आत मला दीपाला सांगावं लागेल, की ते गोविंद आबा होते आणि कोणी वितळू दिले. ती माझ्यावर रागावेल, तेवढं सोसेन. ती दादासाठीही तशीच रडेल याची भीती वाटते. आणि नाही रडली तर मला मनातून बरं वाटेल, याची त्याहून जास्त.

पुढचा फोन दादाला कर. मला नंतर.

तुला कळावं म्हणून सगळं लिहिलं,

दीपाचा धाकटा आबा,
माणिक