अमेरिकेच्या मावशीचे उंच दार

मी, पोलिक्सेनी, कैलासवासी स्तेर्यिओस झिका याची विधवा, वय अडुसष्ट, राहणार पेत्रोव्रीसी, एपिरसचा डोंगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय सांगते आहे. माझी छाती दुखते, डोके दुखत नाही. नोटरी व्रानास लिहून घेत आहेत. मी बोलेन ते तसेच उतरवायचे, सुधारायचे नाही, असे त्यांनी कबूल केले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरायला सवडच मिळाली नव्हती.

साक्षीला तिघे बसले आहेत. बसचालक मिल्तियादिस, देवळाची घंटा वाजवणारा सोतिरिस आणि माझा कुंबारोस लाझारोस. माझ्या लग्नात आम्हा नवरा-बायकोच्या डोक्यावर मुकुट चढवले ते यानेच. आमच्या डोंगरात कुंबारोस म्हणजे सख्ख्यापेक्षा जवळचा; मी त्याला कुंबारे म्हणते, तो मला कुंबारा. कायद्याला मात्र तो परका, म्हणून साक्षीला चालतो, असे नोटरींनी सांगितले. म्हटले, चालू दे.

पहिले कलम. घराचा वरचा मजला, बाहेरचा जिना आणि अक्रोडाची पाच झाडे माझा मुलगा पांदेलिस याला द्यावीत. तो स्टुटगार्टला मोटारींच्या कारखान्यात आहे आणि इथे पर्यटकांसाठी खोल्या काढीन म्हणतो. खुशाल काढ, बाळा. पण ‘तुझा म्हातारा कम्युनिस्ट’ हे शब्द माझ्या छपराखाली पुन्हा उच्चारायचे नाहीत. ईस्टरला तू ते उच्चारलेस आणि लाझारोस ताटावरून उठून गेला. कोकरू गार झाले. मी ते विसरलेले नाही.

दुसरे कलम. बँकेतल्या पैशातून माझे दफन आणि श्राद्धाचे गोड गहू व्हावेत, उरतील ते देवळाच्या छपराला. आमचे लग्नाचे मुकुट माझ्याबरोबर पुरावेत.

तिसरे कलम. शेजारीण कोस्तांदिनिया हिला काहीही देऊ नये. चमचासुद्धा नाही. आत्ता ती जिन्याखाली कान लावून बसली आहे, तेव्हा तिला वेगळे कळवायची गरज नाही. कारण मात्र लिहून ठेवते.

सत्तेचाळीस ते एकोणपन्नास या यादवीच्या तीन वर्षांत या डोंगराने जे पाहिले ते देव शत्रूलाही न दाखवो. माझा नवरा सुरुंगावर पाय पडून गेला. सुरुंग सरकारचा की बंडखोरांचा, हे आजवर कोणी सांगितलेले नाही. लाझारोस बंडखोरांत होता. आम्हा गावकऱ्यांना शिपायांनी खाली कोनित्साला आणून ठेवले होते, तिथून शेवटच्या उन्हाळ्यात आम्ही ग्रामोसचा डोंगर जळताना पाहिला. विमाने अमेरिकेची, आत बसलेली पोरे आमचीच. ती जे टाकत होती त्याने दगडसुद्धा पेटत होते. मी गुडघ्यांवर बसले. भीतीने की भक्तीने, ते मला अजूनही सांगता येत नाही. एवढी ताकद माणसाच्या हातात असते हे मला ठाऊकच नव्हते. आणि त्या आगीत माझा कुंबारोस होता.

पुढच्या वर्षी गावात परतलो तेव्हा एक गाढवसुद्धा उरले नव्हते. बायका नांगर ओढत होत्या, मीही ओढला. मग शरदात एक दिवस वळणावरून ती आली. अमेरिकेची खेचरे! जहाजात बसून, एवढा समुद्र ओलांडून! आमची खेचरे कमरेला लागतात. यांचे कान आभाळाला लागत होते, नाकातून वाफ निघत होती आणि मानेवर क्रमांक डागलेला होता. पाद्रीबाबांनी नकळत क्रूसाची खूण केली.

खेचर चिठ्ठी टाकून मिळायचे, पण ‘घरातले कोणी बंडखोरांबरोबर डोंगरात गेले नाही’ असा दाखला पोलिसांकडून आणणाऱ्यालाच चिठ्ठी टाकता येई. कुंबारोस घरातला धरत नाहीत. म्हणून माझी चिठ्ठी टोपीत पडली आणि निघालीही. मला मिळाली ती सगळ्यांत मोठी, काळी, चिडकी खेचरी. तेव्हा ही कोस्तांदिनिया सगळ्या गावादेखत ओरडली, “अगं बाई, नवरा गेला म्हणून आता हत्ती पाळतेस की काय?”

मी म्हटले, “तुझा काका अमेरिकेत जाऊन बसलाय, साधं पत्र धाडत नाही. माझी मावशी बघ, स्वतः आली भेटायला!”

तेव्हापासून त्या खेचरीचे नाव मावशी पडले. पुढे सत्तावीस वर्षे कोस्तांदिनियाचे सरपण याच हत्तीने वाहिले. एकदाही आभार मानले नाहीत तिने. हे झाले कारण.

मावशीला आमची भाषा येत नव्हती. तिच्याबरोबर आलेल्या अमेरिकन माणसाने मला त्यांचे ‘चल’ आणि ‘थांब’ शिकवले. तेवढेच अमेरिकन मी आयुष्यात शिकले आणि ते पुरले. जाताना त्याने टोपी काढून तिच्या कपाळाला कपाळ लावले आणि मग मागे न बघता ट्रकमध्ये चढला. इतक्या लांबच्या, इतक्या बलाढ्य राज्याला माझ्या रिकाम्या गोठ्याची काय पडली होती, असे मी शाळामास्तरांना विचारले. ते म्हणाले, “गोठ्यात खेचर असलं की माणूस बंदूक घेऊन डोंगरात जात नाही, पोलिक्सेनी. त्यांचा हिशोब सरळ आहे.” असेल. हिशोब असेल, प्रेम नसेल. पण ज्या आभाळातून आग पडली त्याच आभाळाखाली मावशी माझ्या अंगणात उभी होती, आणि मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

तर अडचण अशी झाली की ती गोठ्याच्या दारात मावेना. आमची दारे बुटकी, आत शिरताना पाद्रीसुद्धा वाकतो. वर लांडगे, आणि बर्फ तोंडावर आलेले. मी भिंत फोडून दार हातभर उंच केले, पण वर टाकायला लांब दगड हवा होता. तसा दगड गावात एकच उरला होता, लाझारोसच्या जळलेल्या घराच्या दारावर. त्याच्या आजोबांनी स्वतः घडवलेला, वर क्रूस कोरलेला. मी तो काढला. मावशीनेच तो ओढून आणला. चोरी म्हणा नाहीतर सांभाळणे म्हणा. तिथे राहिला असता तर कोणीतरी फोडून चुना भाजला असता.

ग्रामोसच्या आगीतून निसटलेला लाझारोस तीन वर्षांमागे परतला, बंडखोरांना परत येऊ देणारा कायदा झाला तेव्हा. ताश्कंदमध्ये तीसहून जास्त वर्षे गेली त्याची. तिकडच्या मोठ्या राज्याने त्याला कारखाना दिला, नळाला गरम पाणी दिले. तोही त्याबद्दल बोलतो तेव्हा डोळे मोठे करतो. इथे त्याचे काही उरले नाही. पुतण्याच्या कोठारात, कांद्यांच्या पोत्यांशेजारी झोपतो. आल्या दिवशी त्याने माझ्या दारावरचा दगड ओळखला आणि म्हणाला, “कुंबारा, त्यांनी तुला खेचरात विकत घेतलं.”

मी म्हटले, “विकत घेतलेल्याला कोणी लाथा घालतं का? मावशीने मला दोनदा पाडलं.”

तो हसला नाही. त्या दगडाखालून आजवर आत आला नाही. बाहेरच्या जिन्याने येतो, कॉफी पितो, जातो.

चौथे कलम. घराचा खालचा मजला, मावशीचा गोठा, मी आता चुना लावून, चूल बांधून, खिडकी काढून घेतला आहे. तो, त्याच्या दारासकट आणि दारावरच्या दगडासकट, लाझारोस याला कायमचा द्यावा. पांदेलिसने हरकत घेऊ नये.

इथे नोटरींनी लेखणी थांबवली. मी म्हणते, हेही लिहा.

नोटरी म्हणाले, “मग हे साक्षीला चालणार नाहीत. ज्याला काही मिळतं त्याने सही करायची नसते.”

लाझारोस म्हणाला, “कोणाला मिळतं? काय?”

“तुला, कुंबारे. खालचं घर.”

बराच वेळ तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, “अमेरिकेच्या गोठ्यात?”

“दगड तुझ्या आजोबांचा आहे.”

“तुझ्या लग्नात त्याच दारात कपाळ फुटलं होतं माझं, बुटकं होतं तेव्हा. मुकुट हातात होते, म्हणून सावरता आलं नाही.”

“आठवतं ना. आता नाही फुटणार. जा, बघून ये.”

तो उठून खाली गेला. बिजागरी करकरली. मग जिन्याखालून कोस्तांदिनियाचा आवाज आला, “अगं पोलिक्सेनी! सरळ गेला गं आत, ताठ मानेनं! आणि रडतोय!”

तिला वर बोलावले आहे. तिला या मृत्युपत्रातून चमचाही मिळत नसल्याने ती साक्षीला चालते.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे. पेत्रोव्रीसी, ९ ऑक्टोबर १९८६.

लिहून देणार: पोलिक्सेनी झिका (सही)

साक्षीदार: मिल्तियादिस गोगोस (सही), सोतिरिस पापाझिसिस (सही), कोस्तांदिनिया लियाकू (सही)

दुरुस्ती: लाझारोस वेर्गोस यांचे नाव साक्षीदारांतून खोडले आहे. नोटरींनी कारण ‘लाभार्थी’ असे लिहिले होते, तो शब्द लिहून देणारीने काढायला लावला. कारण: ते या घरातले आहेत.