‘लॅपटॉप हल्ला करतो’ या वाक्याचा खुलासा

प्रति,
मा. निरीक्षण अधिकारी,
परप्रांत मराठी वर्ग साहाय्य संस्था,
पुणे.

विषय : मुलांच्या अहवालातील ‘लॅपटॉप हल्ला करतो’ या वाक्याचा खुलासा, आणि प्रताप नगर, जयपूर येथील रविवारचा मराठी वर्ग पुन्हा सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : वर्ग स्थगित केल्याचे आपले पत्र, तसेच त्यापूर्वीची इजा व सायकल यांविषयीची दोन पत्रे.

महोदय,

मी विमा कंपनीतून निवृत्त झालो असून माझ्या घरच्या बैठकीत दर रविवारी येथील मराठी मुलांना मराठी आणि थोडे विज्ञान शिकवतो. मुले हिंदी शाळांत शिकतात. मराठी त्यांना घरी ऐकून येते, वाचता हिंदीमुळे येते आणि लिहिता अजून यायची आहे. संस्थेने दिलेल्या लॅपटॉपवर ती मराठी गोष्टींचे बोलके चित्रपट करतात व आपापल्या गावी आजी-आजोबांना पाठवतात. चित्रपट तयार होताना लॅपटॉप फार रेंगाळतो, म्हणून मी डेस्कटॉप मागितला होता. दोन्हींतील प्रोसेसरचे नाव व पिढी एकच असल्याने कामगिरी समानच असणार, असे आपण कळवले आणि फरक वाटत असल्यास तुलनात्मक अहवाल मागवला. मुलांना शिकवायला यापेक्षा चांगला विषय मला सुचला नसता, याबद्दल आभारी आहे.

वर्गातील कैवल्यच्या आई विभाताई येथील जगतपुरा भागातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतात. त्यांनी एका रविवारी स्वतःचा डेस्कटॉप आणून दिला. आम्ही एकच चित्रपट दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी तयार करायला लावला. सुरुवातीला दोन्ही बरोबरीने धावले. मग लॅपटॉप तापला, त्याचा पंखा जोरात वाजू लागला आणि तो मागे पडला. प्रोसेसर फार तापला तर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. डेस्कटॉपच्या पेटीत मोठा पंखा आणि मोकळी हवा असते, वीजही जास्त मिळते, म्हणून त्याला वेग कमी करावा लागत नाही. दोन प्रोसेसरांच्या नावातले शेवटचे अक्षर तेवढे वेगळे असते व ते हेच सांगत असते. हे सगळे मी समजावल्यावर कैवल्य म्हणाला, “मतलब, आजोबाजी, हलवाई तोच आहे, पण त्याला रिक्षात बसवून कचोऱ्या तळायला सांगितलं.” मला यात दुरुस्ती सुचली नाही.

त्यानंतर वीज गेली. डेस्कटॉप तत्काळ बंद पडला, लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला. स्वानंदीने विचारले, “हे पण लिहायचं? मग आपल्याला डेस्कटॉप कोण देईल?” दिसले ते लिहायचे, असे मी सांगितले आणि तिने लिहिले. आपल्या पत्रांत या प्रामाणिकपणाची नोंद दिसली नाही, म्हणून येथे करत आहे.

आता मूळ वाक्याकडे येतो. अहवालाचा हा भाग तनयाने लिहिला. त्यात पुढील मजकूर आहे : ‘लॅपटॉप आधी तेज असतो. मग गरम होतो, मग हल्ला करतो, मग मंद होतो. डेस्कटॉप शांत आहे. तो कधीच हल्ला करत नाही.’ हिंदीत हल्ला म्हणजे गोंगाट. तनयाला पंख्याचा आवाज म्हणायचा होता. मी मुलांच्या पहिल्या लिखाणात हात घालत नाही. मूल स्वतःच्या चुकीपर्यंत स्वतः पोहोचले की ती चूक पुन्हा करत नाही, असा अनुभव आहे. या वेळी चूक मुलांच्या आधी आपल्या कार्यालयात पोहोचली.

लॅपटॉप कुलूपबंद करून मुलांना झालेल्या सर्व इजा कळवाव्यात, असा आपला आदेश आला. लॅपटॉप लोखंडी कपाटात ठेवला. ‘सर्व’ असे लिहिलेले असल्याने कैवल्यच्या कोपराला सायकलवरून पडून खरचटल्याचेही कळवले. त्यावर तो सायकलवरून कोणापासून पळत होता, अशी विचारणा झाली. तो दही आणायला चालला होता. दह्याची पावती दुकानदार देत नाही, त्यामुळे जोडता आली नाही.

पुढे आपण मुलांचे जबाब मागवले : त्यांच्या हस्ताक्षरात, मराठीत आणि मोठ्यांच्या मदतीशिवाय. मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तनयाने लिहिले : ‘आजोबाजी दर रविवारी मन लावून शिक्षा देतात. एवढी शिक्षा शाळेत पण मिळत नाही. छोट्या मुलांना ते प्रेमाने शिक्षा देतात. शिक्षेनंतर लाडू मिळतो.’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. हे वाचून आपण वर्ग स्थगित केलात. मराठीत वाचणाऱ्या कोणत्याही जबाबदार अधिकाऱ्याने तेच केले असते, त्यामुळे याबद्दल माझी तक्रार नाही.

गैरसमज टाळण्यासाठी जबाब हिंदीत किंवा इंग्रजीत पुन्हा घ्यावेत, असे आपण सुचवले आहे. तसे केल्यास प्रकरण एका टपालात मिटेल, हे मी जाणतो. तरी कृपया ही सूचना मागे घ्यावी. या मुलांनी आजवर मराठीत एवढा मोठा मजकूर कोणासाठीही लिहिला नव्हता. तो परत करून ‘तुमच्या भाषेत लिहा’ असे सांगितले, तर मराठी त्यांची भाषा नाही, हे संस्थेनेच त्यांना लेखी कळवल्यासारखे होईल. पुढच्या वेळी ती चुकणार नाहीत, कारण ती लिहिणारच नाहीत.

वर्ग बंद असल्याने मी काही शिकवलेले नाही. मुले आंबे खायला आली होती. दोन्ही शब्दांचे मराठी अर्थ त्यांनी विचारले, मी सांगितले. हे शिकवणे ठरत असल्यास तसे कळवावे. अर्थ कळल्यावर तनया आपलाच जबाब पुन्हा वाचून खूप हसली आणि नंतर, वर्ग तिच्यामुळे बंद झाला म्हणून, अर्धा आंबा तसाच ठेवून उठली.

तरी वर्ग येत्या रविवारपासून सुरू करण्याची परवानगी द्यावी व लॅपटॉप कपाटाबाहेर काढू द्यावा. डेस्कटॉपचा विचार सवडीने झाला तरी चालेल. लॅपटॉप तापला की आम्ही थांबतो आणि तेवढ्या वेळात पाढे म्हणतो.

सोबत स्वानंदीने आपल्याला लिहिलेली चिठ्ठी जोडली आहे. तीत एकच वाक्य आहे : ‘साहेब, आम्ही यापुढे लिहिताना चेष्टा करणार नाही.’ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे तिला ठाऊक आहे, म्हणून पाकीट बंद करण्यापूर्वी तिला कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते विचारून घेतले. ती म्हणाली, “मराठीतला. मराठीतच लिहिलंय ना?” कृपया आपणही ते मराठीतच वाचावे.

आपला नम्र,
प्रभाकर विष्णू नाफडे
प्रताप नगर, जयपूर
दिनांक : १६ जून २०२५